वाकळ श्रीगोंद्याला, आम्ही कोल्हापूरला

एवढी तयारी करून आमच्या पाथर्डीकडच्या गावातनं नवरदेवसुद्धा कधी निघाला नसेल.

जायचं होतं कोल्हापूरला. ताई तिकडं दिलेली. दुष्काळात माहेरी प्यायलाच पाणी नाही, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. पोरगं रांगायला लागलं तरी आईनं नातू पाहिलेला नव्हता. खडी फोडायच्या कामावर तिची कंबर धरली होती. मागं एकदा निघाली, तर नगरपर्यंतच्या हिसक्यांनीच बेजार झाली आणि स्टँडवरनं माघारी आली. दादा (माझे वडील) म्हणाले, "हिला शिरूरच्या पुढं न्हाई जमायचं. फोटो मागवा पोराचा."

मी म्हटलं, "मी नेतो. गादीवर बसवून नेतो."

आता मी पडलो नकल्या. तलाठी, हेडमास्तर, शेजारच्या काकूंची म्हैस, सगळ्यांचे आवाज काढतो. त्यामुळं माझं बोलणं कुणी मनावर घेत नाही. आईनं घेतलं.

मग गल्ली कामाला लागली. शेजारच्या काकूंनी आमच्या वाकळीला (जुन्या लुगड्यांची जाड गोधडी) आणखी दोन लुगडी जोडली. मिलोच्या (दुष्काळात रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीच्या) लाल भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बाळाचं टोपडं पिशवीत गेलं. उपदेश तर पोत्यानं. "मागच्या चाकावर बसवू नको रं तिला!" "आधी खिडकीतनं वाकळ टाक, मंग आईला आन. रुमाल लोक उचलून फेकत्यात, वाकळ कोन उचलतंय?"

तसंच केलं. नगर स्टँडवर गाडी लागलेली, पुढं 'कोल्हापूर' अशी पाटी. खिडकीतनं दुसऱ्या सीटवर वाकळ कोंबली आणि ऐटीत आईला आणायला गेलो. ती बिचारी एकेक पाऊल मोजून चालणारी. आम्ही येईपर्यंत गाडी हलली. पाटी बघतो तर 'श्रीगोंदा'! गाडी कोल्हापूरहून आलेली, मी पाहिली तेव्हा पाटी बदलायची राहिलेली. शेजारी उभ्या माणसाला एक शब्द विचारायचं सोडून मी पाटीवर विश्वासलो. मी गाडीमागं पळालो, ओरडलो. माझी आई स्टँडवर आणि तिची गादी श्रीगोंद्याच्या वाटेला.

खरी कोल्हापूर गाडी आली ती भरूनच. कंडक्टर खाली कंट्रोलरच्या खिडकीशी. नाकात बोलणारा, प्रत्येक शब्दाचं शेपूट ओढणारा. मी दारात पाय ठेवला, मान खाली घातली आणि त्याच्या आवाजात ओरडलो, "दुसरी सीट खाली कराऽऽ, आजारी बाई हायऽऽ!"

दोन पोरं मुकाट उठली. आई बसली. तेवढ्यात खरा कंडक्टर वर आला.

"सीट खाली करा म्हनून कोन म्हनलंऽ?"

"तुमीच की, मास्तर!" अख्खी गाडी म्हणाली.

आई माझी हरिश्चंद्राची बहीण. म्हणाली, "मास्तर, त्यो माझा पोरगा वरडला. न्हाई म्हनू नका, कंबर लई दुखती."

कंडक्टरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घसा बसलाय माझाऽ. आता कोल्हापूरपत्तुर गावांची नावं तूच वरडायचीऽ."

पहिलं नाव सुप्याचं ओरडलो, तर गाडी हसून लोळली. हसली नाही ती एकटी आई. प्रत्येक खड्ड्याला ती पदर दातांत धरत होती. शेवटी मला खुणेनं जवळ बोलावलं. "शिरूर आलं की उतरू, बाबा. तुझे दादा बरोबर म्हनले हुते. माझ्यानं न्हाई व्हायचं."

पुढचं गाव आलं, त्याचं नाव ओरडायचं मी विसरलो.

मागच्या सीटवर एक म्हातारे शेतकरी बसले होते, साताऱ्याकडं जनावरांना वैरण बघायला निघालेले. ते उठले, डोक्याचा पटका (फेटा) सोडला आणि त्याची जाडजूड चुंबळ (डोक्यावर घागर ठेवायला करतात ती कापडी कडी) वळली. आमच्याकडं मयताला सोडून माणूस चारचौघांत पटका उतरवत नाही.

आई लाजून म्हणाली, "दादा, नका वो असं करू."

"कंबर तुमची दुखतीय, डोकं माझं न्हाई. घ्या!"

चुंबळ बरोबर कंबरेच्या खळग्यात बसली. शिरूरला घोड नदी कोरडी पडलेली. मी आईकडं पाहिलं. ती म्हणाली, "बघू पुन्यापत्तुर." पुण्यात म्हणाली, "आलोच हाय तर." आणि खंबाटकीच्या घाटात वळणावळणावर लोक ओकत असताना आमच्या मातोश्री चटणी-भाकर खात होत्या.

साताऱ्याला म्हातारबाबा उतरायला निघाले. आई घाईघाईनं चुंबळ ओढायला लागली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "फुडचा रस्ता कसा हाय ते ठावं हाय मला."

मी दारात गावाचं नाव ओरडण्यात दंग. त्यांचं नाव-गाव विचारेपर्यंत ते उन्हात, उघड्या डोक्यावर हात धरून, गर्दीत गेलेसुद्धा. कराडला पुलावरनं कोयनेचं पाणी दिसलं तेव्हा आईनं हात जोडले. पाण्याला का त्या माणसाला, मी विचारलं नाही.

कोल्हापुरात नातू तिच्या मांडीवर आला आणि त्यानं पहिलं काम केलं ते वाकळीवर करायचं होतं: मांडी पार ओली करून टाकली. आई इतकी हसली की कंबर धरून बसली.

परतीलाही चुंबळ होतीच. नगरला कंट्रोलरसाहेब खुर्चीत आमच्या वाकळीवर बसलेले! श्रीगोंद्याच्या लोकांनी ती आल्या गाडीनं परत पाठवली होती. "कुनाची हाय?" म्हणाले. "लई मऊ हाय बरं का." उठायला त्यांच्या जिवावर आलं.

पटका आईनं धुऊन घडी घालून ठेवलाय. नगरला जाताना मी तो पिशवीत टाकतो. त्यांनी आता दुसरा घेतला असेल हे कळतं, तरी स्टँडवर प्रत्येक पटकेवाल्याचं तोंड निरखतो.

त्या दिवशी घरी आल्यावर सगळ्यांसमोर मी अख्ख्या प्रवासाची नक्कल केली. कंडक्टर झाला, कंट्रोलर झाला, गल्ली पोट धरून हसली. मग कोपऱ्यातनं आई म्हणाली, "त्या पटकेवाल्या दादांचा काढ की रं आवाज."

मी आवाज खाली उतरवला. "कंबर तुमची दुखतीय, डोकं माझं न्हाई. घ्या!"

कुणी हसलं नाही. आईनं पदर डोक्यावर सारखा केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "घेतला, दादा."