बहिऱ्या कानात वाजलेले पाच नट

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचते आणि दर वेळी म्हणते, "झोपेत बघितलं असेल बापड्यानं." आज माझीच पाळी आलीय, तर तुम्ही पण खुशाल हसा.

मी गॅरेजवाली बाई. इंजिन बंद पडलं तर तीनच कारणं असतात... पेट्रोल, करंट, नाहीतर हवा. चौथं कारण मी आयुष्यात मानलं नाही. लिंबू-मिरची लावून माझ्या दारात आलेल्या गाड्यांचे प्लग मीच साफ केलेत!

हिंगोली जिल्ह्यात आमचा वारंगा फाटा आहे ना, तिथं हायवेला माझं दुकान. आधी ते माझ्या मालकांचं पंक्चरचं दुकान होतं. ते गेले तेव्हा रूपाली, माझी लेक, दुसरीत होती. मग मीच टायर खोलायला बसले. शेजारी करीम उस्तादांचं गॅरेज. मधे भिंत नव्हती, नुसता एक पत्रा. मी पत्र्याला उजवी बाजू लावून बसायची आणि पलीकडचं सगळं माझ्या उजव्या कानात पडायचं... टॅपेट ढिली असली की इंजिन कसं टकटक करतं, मिक्श्चर जास्त झालं की कसं गुदमरतं. एकदा धीर करून म्हणाले, "उस्ताद, मला इंजिनाचं काम शिकवा ना." त्यांनी मान खालीच ठेवली. "बाई, फाट्यावर चार लोक बसून राहतात. तुमाला तकलीफ होईल." विषय संपला.

उस्तादांची एक सवय सांगते, पुढं लागणार आहे. चाक बसवलं की नट एका ओळीनं आवळायचे नाहीत, एक सोडून एक आवळायचे. पहिला, तिसरा, पाचवा, मग दुसरा, चौथा. म्हणजे चाक सरळ बसतं. आवळून झाले की हवेच्या वॉलजवळच्या नटापासून सुरू करून ओळीनं प्रत्येकावर पान्यानं ठोका. घट्ट नट 'टण्ण' बोलतो. ढिला 'थप्प' करतो, ओल्या मडक्यासारखा. आणि शेवटच्या नटाला ते दोन ठोके द्यायचे... टण्ण-टण्ण! झालं, गाडी न्या.

हे सगळं मी कानानंच उचललं. घरी येऊन स्टोव्हच्या नटांवर करून बघायची. पुढं मालकांची जुनी लूना खोलली, मग शेजाऱ्यांची जीप. दहा वर्षांमागं उस्ताद गेले. त्यांच्या घरचे गाव सोडून गेले, तेव्हा हत्यारांची पेटी माझ्या दारात ठेवून गेले. काहून, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला कुणी विचारलं, "मावशी, कुठं शिकलात?" तर मी पदर खोचून सांगायची, "कुणाकडं न्हाई. माझी मी शिकले."

त्याच साली एका टिपरच्या टायरमध्ये हवा भरताना टायर फुटला. मी वाचले, उजवा कान गेला. नांदेडच्या डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं आणि म्हणाले, "नस मेली आहे, आशा ठेवू नका." तेव्हापासून मी डाव्या कानावर काम करते. उजव्या बाजूनं कुणी बोललं तर मला भिंतीनं बोलल्यासारखं.

आता गाडीचं सांगते. सांगताना मला राहवतच नाही! हिंगोलीच्या एका अडत्याच्या हळदीच्या गोदामात एक काळी कॉन्टेसा पोत्यांखाली पडून होती. लांब बोनेट, चार गोल डोळे. "मावशी, घेऊन जा, जागा अडवून राहिली," म्हणाला. कार्बोरेटर उघडला तर आत पिवळीधमक हळद! रूपाली कळमनुरीला शाळेची व्हॅन चालवते. संध्याकाळी व्हॅन लावली की ती बाह्या सरसावून माझ्याजवळ. दीड वर्ष आम्ही मायलेकी त्या गाडीला लागलो. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं. जेट मोठे केले. टायमिंग डाव्या कानानं लावलं, पुन्हा बिघडवलं, पुन्हा लावलं. सुटताना जोर मागं पडतो म्हणून मागचा ॲक्सल जीपचा बसवला, पाच नटांचा. पहिल्यांदा ती एका दमात सुटली तेव्हा रूपाली उतरून रडली आणि मी तिला रागावले... माझेही डोळे भरले होते म्हणून. आजही ब्लोअर लावला की गाडीत हळदीचा वास येतो.

ती गाडी घेऊन शर्यत करायचं नांदेडच्या सतनामनं काढलं. त्याच्याकडं त्याच्या आजोबांची जुनी परदेशी गाडी, लाल, मोठ्या इंजिनाची. शर्यत सरळ रस्त्यावर, चारशे मीटर, उभ्यावरून सुटायचं. नवा हायवे झाल्यावर जुन्या रस्त्याचा एक सरळ तुकडा बाजूला पडलाय, तिथं. दोन्ही टोकांना ट्रॅक्टर आडवे लावले होते. तरी सांगते, रस्त्यावर असलं करू नये. आम्ही केलं ते केलं.

मार्चमधली सकाळ, नऊचा सुमार. लख्ख ऊन होतं. आजूबाजूच्या शेतांत हळद शिजत होती, वाफ दिसत होती. सगळा फाटा लोटला होता. आम्ही रस्त्यावरची चाकं काढून मागं रुंद टायर चढवून राहिलो होतो. गाडी जॅकवर, मी उजव्या मागच्या चाकाचे नट आवळत होते, तेवढ्यात सतनाम आला.

"माताजी, गाडी छान पुसलीय. लग्नात नवरदेव बसवायला एकदम बराबर!"

लोक हसले. मी पाना घेऊनच उठले.

"नवरदेव तू हो बाळा. वरात माझ्या लेकीच्या मागनं येईल."

असा काय हशा पिकला म्हणता! मग तो म्हणाला, "शर्यत कुणी सोडायची? माताजींनी. सगळ्यांत वडीलधाऱ्या त्या." पंच म्हणून माझ्या हातात दस्ती, म्हणजे रुमाल, दिली. पांढरी दस्ती वर धरायची, खाली सोडली की गाड्या सुटणार. इतक्या माणसांत, फाट्यावरच्या त्याच चार लोकांदेखत, मला तो मान! मी तिकडंच गेले. मागं रूपालीनं चाकाची टोपी बसवून जॅक उतरवला. तिला वाटलं, मायनं नट आवळले. मला वाटलं... खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. मी हवेत होते.

दोन्ही गाड्यांच्या पुढं, मधोमध, वीसेक पावलांवर मी उभी राहिले, त्यांच्याकडं तोंड करून. रूपालीची गाडी माझ्या उजव्या हाताला. दोघांनी इंजिनं तापवली. डाव्या कानात नुसता गडगडाट, लोकांच्या शिट्ट्या. मी दस्ती वर धरली.

आणि उजव्या कानात वाजलं.

टण्ण. थप्प. टण्ण. थप्प. टण्ण-टण्ण.

मंडळी, कसं सांगू... डावीकडं एवढा गोंगाट, आणि त्या मेलेल्या कानात दुपारच्या रिकाम्या दुकानासारखी शांतता. त्या शांततेत पान्याचे ठोके. पत्र्यापलीकडून यायचे तसे, अगदी तितक्याच अंतरावरून. माझा हात वरच राहिला. बोटं सुटेनात. रूपालीची नजर दस्तीवर, पाय ॲक्सिलरेटरवर. मी दस्ती खाली सोडली नाही, छातीशी दाबली आणि ओरडले, "बंद करा! इंजिनं बंद!"

"मावशी घाबरल्या!" कुणीतरी ओरडलं. "गाडीला कुंकू लावायचं राहिलं काय?" मी चालत गेले ती सरळ उजव्या मागच्या चाकाशी. चाकाची टोपी काढली. वॉलजवळचा नट घट्ट. दुसऱ्याला बोट लावलं... तो बोटानं फिरला. तिसरा घट्ट. चौथा बोटानं फिरला. पाचवा घट्ट.

मी एक सोडून एक आवळत तीन नट झाल्यावर उठले होते, त्या थट्टेला उत्तर द्यायला. एवढ्या जोरात सुटणाऱ्या गाडीचं चाक तीन नटांवर टिकलं असतं का? ते मला अजून मनातही बघवत नाही. माझी पोर होती आत.

मला सहज म्हणता आलं असतं, नट आपोआप ढिले झाले. पण मी मोठ्यानं म्हणाले, "चूक माझी हाय. मी नट अर्धेच आवळले आणि तोंड वाजवायला उठले." सतनाम खाली बसला आणि स्वतः नट बघू लागला. "माताजी, आरामात करा. मी थांबतो," एवढंच म्हणाला. मी चारही चाकांचे नट आवळले, एकेकावर ठोका दिला. शेवटच्याला दोन.

तेवढ्यात रूपालीनं खिडकीतून मान बाहेर काढली. "माय, मघा पान्यानं कोण ठोकत होतं?"

"कधी?"

"तू दस्ती धरलीस तेव्हा. माझ्या सीटला ठोके लागले. मला वाटलं तू चाक तपासून राहिली... पण तू तर समोर होतीस."

त्या चाकाजवळ कुणीच नव्हतं. बाजूला उभ्या असलेल्यांना मी नंतर एकेक करून विचारलं. कुणी काही बघितलं नाही, कुणी काही ऐकलं नाही.

मग दस्ती पडली, आणि माझी काळी अशी सुटली की बस! अर्ध्यापर्यंत लाल गाडी पुढं होती. तिसऱ्या गिअरला रूपालीनं तिला गाठलं आणि एक बोनेट पुढं काढून नेली. फाट्यावरचे ते चार लोक नाचत होते. सतनाम येऊन माझ्या पाया पडला. आता त्याची लाल गाडीही ट्यूनिंगला माझ्याच दारात येते.

पुढच्या आठवड्यात मी नांदेडच्या डॉक्टरांकडं गेले. पुन्हा मशीन लावलं. कान तसाच, मेलेला. त्यानंतर त्यात काहीही वाजलेलं नाही. तुम्ही म्हणाल, अर्धं काम राहिल्याचं मनाला आतून माहीत असेल. असेलही. मग रूपालीच्या सीटला काय लागलं? पेट्रोल नाही, करंट नाही, हवा नाही. चौथं काय असतं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

पण एक गोष्ट मी त्या दिवसापासून सोडून दिली. आता कुणी विचारलं, "मावशी, कुठं शिकलात?" तर "माझी मी" म्हणत नाही. पदर तसाच खोचते आणि सांगते, "करीम उस्तादांकडं. पत्र्याच्या अलीकडं बसून." आणि परवा पेटी आवरताना उस्तादांचा तो पाना हातात घेतला, तेव्हा एक विचार मनात आला. नट घट्ट आहे का ते कळायला हळू ठोकाही पुरतो, आणि पत्र्याच्या अलीकडं माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. मग एवढ्या जोरात, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असा, उस्ताद तो ठोका कुणासाठी द्यायचे?