गेटबाहेरचा बाक

अगं, इकडे ये जरा. आणखी जवळ. कान धरायचा तर तो हाताशी यायला नको? सकाळी तुझा निरोप वाचला. ‘मावशी, रविवारी साडेचार ते सव्वापाच येऊ का? तुला जमेल का?’ जमेल का म्हणजे काय? मी काय दाताची डॉक्टर आहे, वेळ घेऊन यायला? आणि सव्वापाचला काय होतं तुझं, ते तरी कळू दे. तुझी आई माझ्याकडे यायची तेव्हा तिची यायची वेळ ठरलेली नसायची आणि जायची तर नसायचीच.

रागावले नाहीये. म्हणजे थोडी रागावलेय. पण असं विचारून आलेलं मला आता चालत नाही, आणि का चालत नाही ते एकदा नीट सांगून टाकते. मी काही कॉलेजात गेलेली बाई नाही. सातवीनंतर जे वाचलं-लिहिलं ते माझं मी, तेव्हा बोलते तसंच लिहिणार. मध्येच भरकटले तर सांभाळून घे.

हे गेले आणि मी पुण्याबाहेर मांजरीला लेकाकडे राहायला आले. नववा मजला. खिडकीतून खाली बघितलं की उसाचा एक तुकडा अजून दिसतो, बाकी सगळे टॉवर. लेक आणि सूनबाई दोघंही हडपसरच्या आयटी कंपन्यांत. घरात कशाची वाण नाही. दूध दारात, भाजी दारात, औषधंसुद्धा दारात. मला भीती वाटली, आता दिवसभर करायचं काय? म्हणून मी मोबाइल शिकले, आणि शिकले ती अशी शिकले की विचारू नकोस. सकाळी मोबाइलवर योगासनं, मग स्तोत्रांचा वर्ग, दुपारी चारला भजनाचा वर्ग, मधल्या वेळात ग्रुपवरच्या सगळ्यांना सुप्रभात. कुणी ‘काय करता हल्ली?’ विचारलं की मी म्हणायचे, अहो, वेळच मिळत नाही. आणि असं म्हणताना मला बरं वाटायचं गं.

आता वन्सं. माझी थोरली नणंद. तू त्यांना लग्नाकार्यात पाहिलंयस. मंडईच्या मागे दोन खोल्यांत एकट्या राहतात, जन्मभर शाळेत शिकवलं, आणि बोलणं असं की समोरच्याला ते घरी पोहोचल्यावर लागतं. पण मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या हातून कढी फुटली होती, आणि सासूबाई स्वयंपाकघरात यायच्या आत ती कढी वन्संनी स्वतःच्या नावावर घेतली. त्यानंतर कधी त्याचा उल्लेखही केला नाही. मला नवी नवरी म्हणून पाहिलेलं त्या घरातलं आता ते एकच माणूस राहिलंय.

वन्सं कधी कळवून येत नाहीत. कळवायला मी काय तपासणीला येतेय का, म्हणतात. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. इकडे चांगली आंबेहळद मिळत नाही, असं मी कधीतरी बोलून गेले होते. ते लक्षात ठेवून त्यांनी मंडईतून ओली हळद आणि आंबेहळद घेतली, बसमध्ये बसल्या, हडपसरला बस बदलली आणि चारच्या सुमाराला आमच्या गेटवर येऊन उभ्या राहिल्या.

आमच्याकडे गेटवर वॉचमन आलेल्या माणसाची माहिती मोबाइलमध्ये टाकतो, मग घरच्या फोनवर विचारणा होते, आणि घरच्यांनी हो म्हटलं तर आत सोडतात. आमच्या घरासाठी लेकाचा नंबर दिलेला. वॉचमननं मोठ्यानं म्हणत म्हणत टाकलं, ‘महिला, एकटी, पिशवी आहे.’ लेक मीटिंगमध्ये. त्याला वाटलं, कुणीतरी काही विकायला आलंय. त्यानं ‘नको’ दाबलं.

वॉचमननं माझ्याही फोनवर दोनदा लावून पाहिलं. पण मी कानात ती बोंडं घालून भजनात. नऊ मजले खाली वन्सं उभ्या, आणि मी वर बसून ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत अशा बायकांबरोबर टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी वॉचमन पिशवी घेऊन वर आला. विदर्भातला माणूस, भला. त्याच्या हातातली ती पिशवी मी लगेच ओळखली. माझ्याच जुन्या पडद्याची मी शिवलेली, वन्संना दिलेली. आत हळद, अजून माती लागलेली. तो म्हणाला, “आजी, त्या बाई लई वेळ उभ्या होत्या. मग म्हणल्या, हे वर द्या, मानसं कामात हायेत.”

लेकाला कळलं तेव्हा तो बिचारा कावराबावरा झाला. लगेच फोन लावला आत्याला. त्या म्हणाल्या म्हणे, तुझं काही नाही रे, तू कामातला माणूस, चूक माझीच, मी रिकामटेकडी. यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला जेवण गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मंडई गाठली. वन्संचं दार नेहमीसारखं उघडं, नुसता पडदा. आत पाऊल टाकलं तोच म्हणाल्या, “आलीस? खाली कुणाची परवानगी घेतलीस?” चहा केला, लाडू दिला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. आणि निघताना शांतपणे म्हणाल्या, “मी आता त्या गेटातून आत येणार नाही. रागानं नाही सांगत. ‘नको’ ऐकायला दोन बस करून कशाला यायचं? ते मंडईतसुद्धा मिळतं.”

मला चांगलं माहीत होतं, त्या बोलल्या म्हणजे बोलल्या. आमच्या दोघींच्या वयाला अशी अढी बसली तर ती सुटायला वेळ कुठे उरलाय? परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून नुसता तोच विचार करत होते.

घरी लेकानं उपाय काढून ठेवला होता. म्हणाला, आई, ते तुझ्याच फोनवर टाकून देतो, कुणी आलं की तूच बटण दाब. मी म्हटलं, नको. अरे, बटण तुझ्या हातातून माझ्या हातात आलं तरी बाहेरचं माणूस उभंच ना? आणि मी असणार योगासनांत नाही तर भजनात. त्याच रात्री मी सगळे वर्ग सोडले. ग्रुपमधून निघाले, तर ‘काय झालं, काय झालं’ म्हणून फोन आले. काही झालं नाही म्हटलं, मला जरा वेळ हवाय.

आमच्या गेटच्या बाहेर कडुलिंबाखाली सिमेंटचा एक बाक आहे, कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या मुलांसाठी. मी ठरवलं, रोज चारपासून दिवेलागणीपर्यंत आपण तिथे बसायचं. फोन कपाटात. ज्याला यायचं त्यानं यावं, मी समोरच असेन. लेक म्हणाला, लोक म्हणतील आईला घराबाहेर बसवलंय. म्हणू देत, म्हटलं, खोटं कुठे आहे? सूनबाईनं चहा भरून थर्मास माझ्या हातात दिला. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. सुरक्षितता, नियम, असं बरंच बोलले. मी म्हटलं, “अहो, बाक गेटच्या बाहेर आहे. बाहेर बसायला कुणाची परवानगी लागते, तेवढं सांगा, मी घेऊन येते.” ते चहा पिऊन गेले.

सोपं नव्हतं हं. पहिले काही दिवस हात सारखा कमरेशी जायचा, फोन चाचपायला. म्हणून मी मटार सोलायला नेऊ लागले. मग वाटलं, हेही त्यातलंच, काहीतरी करत असल्याचं दाखवायचं. तेही सोडलं. नुसतं बसायचं. बसची वाट बघणारी मुलं आधी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची, मग थर्मासकडे बघायला लागली, मग आपणहून घरचं सांगायला लागली.

मंडईला मी अधूनमधून जातच होते. वन्संची मनधरणी केली नाही, त्यांना ती आवडत नाही. एवढंच सांगितलं, चारनंतर मी खाली बाकावर असते. म्हणाल्या, वॉचमनची नोकरी लागली वाटतं. त्यांनी आणलेल्या हळदीचं मी लोणचं घातलं होतं. बरणी झाकून ठेवली, ज्यांनी आणली त्यांनी चव बघेपर्यंत उघडायची नाही म्हणून. लेकानं दोनदा मागितलं. दिलं नाही.

संक्रांत गेली. वन्सं तिळगूळ द्यायलाही आल्या नाहीत, मीच जाऊन आले. कडुलिंबाची पानं गळायला लागली. मी बसत होते.

आणि मग एक दिवस समोर रिक्षा थांबली. वन्सं उतरल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ वॉचमनपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “नवव्या मजल्यावर कळवा. महिला, एकटी, पिशवी आहे.”

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी बसल्या जागेवरून म्हटलं, “वन्सं, वर कुणी नाहीये. मी इथे आहे.”

“मी आत येणार नाही म्हणून सांगितलंय.”

“मग नका येऊ. मी बाहेर आलेय ना.”

त्या बाकापाशी आल्या. मग माझा थर्मास उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “सरक.”

मी वर जाऊन बरणी घेऊन आले, बशी आणली. वन्संनी एक काप तोंडात टाकला, सावकाश चावला. “मीठ कमी पडलंय,” म्हणाल्या, आणि दुसरा घेतला.

अजूनही त्या गेटाच्या आत आलेल्या नाहीत. मीही एकदासुद्धा चला म्हटलेलं नाही. मनात येईल तेव्हा येतात, बाकावर बसतो, अंधार पडायला लागला की लेक कामावरून येतो आणि आत्याला रिक्षात बसवून देतो. त्यालाही दर वेळी ऐकवतात, तुला बसायला जमेल का रे पाच मिनिटं? तो हल्ली बसतो. एकदा तर अर्धा तास बसला, फोन वाजत असताना.

तेव्हा बाई, तुझं ते साडेचार ते सव्वापाच तुझ्याकडेच ठेव. रविवारही नको ठरवूस. या वर्षीचं लोणचं आता तळाला आलंय आणि वन्सं काही हात आखडता घेत नाहीत. निरोप देऊ नकोस, विचारू नकोस, हडपसरला बस बदल आणि लवकर ये. मी बाकावर असेन. समजा नसलेच, तर बस तिथे जरा. मी येते.