खांबेट्यांच्या डबीचे पेटंट

नंदकिशोर खांबेटे जन्मात एकदाच स्टेजवर चढला आणि त्याला चढवणारा मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्यावर चिडायचे की माझी कीव करायची, ते वाचणाऱ्याने आपले आपण ठरवावे.

मी बँकेतला माणूस. तोक्योच्या शाखेत माझी चार वर्षांसाठी बदली झाली, आणि घर मिळाले ग्योतोकुला. तिथून ऑफिस तोझाई लाइनने पंचवीस मिनिटांवर, आणि स्टेशनमागे तूरडाळ मिळणारे एक दुकान, एवढ्या दोन गोष्टींवर आमचे बरे चालले होते. तेवढ्यात पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरवाल्यांची रीघ लागली. मराठी घरे तीसच्या वर गेली आणि मग मंडळ काढणे आलेच. सचिव व्हायला कोणी तयार होईना, म्हणून मी झालो. मला हौस होती असे माझी बायको सरिता म्हणते. तिचेच खरे असेल.

खांबेटे त्या सॉफ्टवेअरवाल्यांतला सगळ्यांत थकलेला माणूस. बाकीची पोरे पंचविशीतली, हा बेचाळीसचा. नोकरी पुण्याच्या कंपनीची, पण त्या कंपनीने त्याला एका जपानी कंपनीकडे दिलेला आणि त्या कंपनीने योकोहामातल्या तिसऱ्याच कंपनीकडे. रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायचे. बरोबर चालला तर कागदावर गोल, चुकला तर लाल फुली. त्यातही गंमत अशी, की सगळे गोल पडले की तो अहवाल इशिझाका-सान नावाच्या साहेबाच्या नावाने पुढे जायचा. फुली पडली तर मात्र खाली ज्याने तपासले त्याचा शिक्का लागायचा. जपानात सहीऐवजी नावाचा छोटा लाल शिक्का मारतात. खांबेट्यानेही तो करून घेतला होता, जपानी अक्षरांत ‘खांबेटे’.

“विलासराव,” एकदा तो मला म्हणाला, “अठरा वर्षं काम केलं. चांगल्या कामावर कुठे माझं नाव नाही. इथे तर माझं नाव म्हणजे खिशातलं ते एलियन कार्ड, परदेशी माणसाचं ओळखपत्र.” हे बोलतानाही तो जांभई देत होता.

आता त्या डबीची गोष्ट. २००३च्या फेब्रुवारीत योकोहामाला स्टेशनवरून साइटवर नेणाऱ्या व्हॅनमध्ये त्याचा फोन कोटाच्या खिशातून घसरला आणि सीटवर राहिला. हा कामाला लागला, व्हॅन गेली. नेमकी त्याच दुपारी त्याच्या पाच वर्षांच्या लेकीला, सलोनीला, तापात झटके आले. त्याच्या बायकोने, स्नेहलतावहिनींनी, अठरा वेळा फोन लावला. व्हॅनच्या ड्रायव्हरने परक्याचा फोन उचलणे बरे नाही म्हणून तो नुसता वाजू दिला. वहिनींना तेव्हा ‘आरिगातो’पलीकडे जपानी येत नव्हते. त्या पोरीला उचलून जिन्यातच उभ्या राहिल्या. खालच्या मजल्यावरचे मियाके-सान, सत्तरीचे निवृत्त गृहस्थ आणि आमच्या मोहल्ल्याच्या संघटनेचे अध्यक्ष, भाजी घेऊन वर येत होते. त्यांनी पिशवी तिथेच टाकली, पोरीला गाडीत घातले आणि हॉस्पिटलात नेले. पोर वाचली. कांद्याची पात दोन दिवस जिन्यात पडली होती.

फोन दुसऱ्या दिवशी परत आला, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर माफीची चिठ्ठी. वहिनी एवढेच म्हणाल्या, “इथे हरवलेलं सगळं परत मिळतं हो. पण मला तुम्ही काल हवे होतात.” त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते, असे खांबेट्याने मला नंतर सांगितले.

त्यानंतर दोघेही आपापल्या परीने कामाला लागले. वहिनींनी नगरपालिकेच्या जपानी वर्गात नाव घातले आणि दीड वर्षात अशा तयार झाल्या, की मंडळातल्या बायका डॉक्टरकडे जाताना त्यांना सोबत नेऊ लागल्या. आणि खांबेट्याने आपले सगळे रविवार डबीला दिले. खरे तर डब्या दोन. आगपेटीच्या निम्म्या आकाराची एक, फोनच्या दोरीला लटकवायची. दुसरी पँटच्या खिशात. दोघींत तीन मीटरहून जास्त अंतर पडले की खिशातली बोंबलणार. गाडीतून उतरून माणूस चार पावले जातो न जातो तोच त्याला कळले पाहिजे, हा हिशेब.

पहिली डबी अक्षरशः बोंबलली. चालत्या तोझाई लाइनच्या डब्यात त्याने फोन सामानाच्या फळीवर ठेवला आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. जिथे माणसे खोकलासुद्धा रुमालात दाबतात, तिथे याच्या पँटमधून भोंगा वाजला. डब्यातल्या सगळ्यांनी काही ऐकलेच नाही असा चेहरा केला, आणि तेच जास्त लागले. पुढच्या स्टेशनवर तो वाकून वाकून माफी मागत उतरला. मग त्याने भोंगा काढला आणि जुन्या फोनातले थरथरणारे चाक आत बसवले. त्याला असे सुटे भाग धुंडाळताना मी पाहिले आहे. आठवडाभर ट्रेनमध्ये उभ्याने झोपणारा माणूस रविवारी मात्र डोळे ताणून बारक्या तारा जोडत बसलेला असे. पेटंट घ्यायचे, एवढेच त्याच्या मनात होते. त्यातून काही मिळवायचे असे त्याला कधी बोलताना ऐकले नाही. सरकारी कागदावर ‘संशोधक’ या शब्दापुढे आपले नाव यावे, बस्स.

२००४ सालचा आमचा गणपती. कोमिनकान म्हणजे पालिकेचे समाजमंदिर. तिथला हॉल रविवारपुरता मिळाला होता. आगीची घंटा वाजू नये म्हणून आरतीला विजेच्या समया. संध्याकाळच्या कार्यक्रमात विभाताईंची भावगीते, पण त्यांच्या तबलजीला, जयेशला, कंपनीने आदल्या दिवशी ओसाकाला पाठवून दिले. तबल्याशिवाय गाणार नाही म्हणून विभाताई हटून बसल्या. माझ्या हातात रिकामी पंधरा मिनिटे आणि समोर दीडशे माणसे. मी खांबेट्याला गाठले.

“अहो, तुमची ती डबी दाखवा.”

“नको विलासराव. अजून अर्ज दिलेला नाही. सुट्टीत कागद करणार आहे.”

“कमाल करता! इथे सगळी आपलीच माणसं. कोण चोरून नेणार आहे?”

माझे ते वाक्य मला अजून जसेच्या तसे ऐकू येते. आणि ते धड खरेही नव्हते. यंदा शेजारच्या जपानी लोकांनाही बोलवायचे म्हणून आठवडाभर कोमिनकानच्या दारावर ‘सर्वांचे स्वागत’ असा कागद मीच लावला होता, आणि वहिनींनी तो जपानीत लिहून दिला होता. पहिल्या रांगेत मियाके-सान टाय लावून बसले होते.

स्टेजवर चढला तो खांबेटे मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. खांदे सरळ, आवाज मोकळा. त्याने डबी उघडून दाखवली, फळ्यावर आतली जोडणी काढली, कुठे अडले आणि कसे सुटले ते सांगितले. जपानी पाहुण्यांसाठी वहिनी शेजारी उभ्या राहून वाक्यावाक्याचे भाषांतर करत होत्या. शेवटी त्यांनी एक डबी मियाके-सानच्या हातात दिली आणि दुसरी फोनला बांधून दाराकडे चालत गेल्या. डबी थरथरली तसे म्हातारबुवा खुर्चीतून उठले आणि त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. टाळ्या थांबेनात. शाल दिली, नारळ दिला, आणि माझ्या सुवाच्य अक्षरात प्रमाणपत्र दिले: ‘श्री. नंदकिशोर खांबेटे यांनी स्वतः शोधलेल्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक सादर केल्याबद्दल’. खाली १९ सप्टेंबर २००४ आणि मंडळाचा गोल शिक्का. ‘जाहीर’ हा शब्द मीच घातला. वजन येते म्हणून.

डिसेंबरात खांबेटे पेटंटच्या मोफत सल्ल्याला गेला. तिथे होसोकावा-सान नावाचे वयस्कर वकील होते. आपण कुठल्याही कचेरीत जाताना नेतो तशी याने जन्माची फाइल नेली होती: पदवी, अनुभवाचे दाखले, सगळ्याच्या साक्षांकित प्रती, आणि सर्वांत वर माझे प्रमाणपत्र, सोबत वहिनींनी केलेले त्याचे जपानी भाषांतर. कोणी मागितले नव्हते. आपणच यंत्र शोधले याला पुरावा असावा म्हणून त्याने नेले.

रविवारी सकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. सरिताने पोहे दिले, ते त्याने पुढ्यात तसेच ठेवले.

“डबी त्यांना फार आवडली,” तो म्हणाला. “असं कोणी केलेलं त्यांना आठवत नव्हतं. मग त्यांनी प्रमाणपत्र वाचलं आणि तारखेवर बोट ठेवलं. म्हणाले, हॉलमध्ये कोण कोण होतं?”

अर्जाआधी शोध लोकांसमोर उघडा केला, की तो नवा राहत नाही. कायद्यात सवलत होती, पण ती ठरावीक प्रदर्शनांना आणि विद्वानांच्या सभांना. आमच्या गणपतीला नव्हती. आणि त्याला स्टेजवर चढवणारा मी. खांबेटे मात्र मला एका शब्दाने बोलला नाही.

“काहीच मार्ग नाही?” मी विचारले.

“एक आहे. हॉलमधल्या सगळ्यांनी गुप्त ठेवायचं कबूल केलं असेल, तर तो जाहीर धरत नाहीत. तसं असेल तर आयोजकांचं पत्र आणा म्हणाले.”

मी उठलो, मंडळाचा कागद काढला आणि लिहून दिले. सभा खासगी होती. केवळ मंडळाचे सदस्य उपस्थित होते, बाहेरचे कोणीही नव्हते. ‘जाहीर’ हा शब्द नजरचुकीने पडला. सर्वांनी गुप्ततेचे वचन दिले होते. अठ्ठावीस वर्षे बँकेत लोकांचे खोटे कागद पकडण्यात गेली, आणि स्वतः खोटे लिहिताना मी एका शब्दालाही अडलो नाही. उलट चूक निस्तरल्यासारखे हलके वाटले. मी शिक्का मारला.

खांबेट्याने पत्र दोनदा वाचले. “मियाके-सान होते,” तो म्हणाला.

“त्यांना कोण विचारायला जातंय? वहिनींकडून जपानीत करून घ्या आणि देऊन टाका.”

त्याने घडी घालून पत्र खिशात ठेवले. पुढे तीन महिने त्याने विषय काढला नाही, आणि खरे सांगायचे तर माझीही विचारायची हिंमत झाली नाही.

मार्चमध्ये त्याचे कंत्राट संपले. योकोहामाच्या कंपनीला आता तरुण माणसे हवी होती. घर आवरायला मदत म्हणून मी गेलो. ग्योतोकु सोडायचे म्हणजे कचऱ्याचीच चार दिवसांची नोकरी: बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे, मोठ्या सामानाला चिकटवायच्या चिठ्ठ्या वेगळ्या. खाली मियाके-सान हातमोजे घालून वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधत होते. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, आणि मला त्यांच्याकडे वर बघवेना.

वर खोली रिकामी झाली होती. “पत्राचं काय झालं?” मी शेवटी विचारले.

खांबेट्याने वहिनींकडे पाहिले. त्या भांडी कागदात गुंडाळत होत्या. हातातले थांबवून त्या म्हणाल्या, “मी लिहायला बसले होते हो. अर्ध्यावर आले. ‘बाहेरचे कोणीही नव्हते.’ विलासराव, माझी पोर जिन्यात निळी पडली तेव्हा तो माणूस होता. गणपतीला डबी मीच त्यांच्या हातात दिली. ते नव्हते असं मी माझ्या हातानं कसं लिहू? ही भाषा मी त्यांच्यामुळे शिकले.” त्यांनी पुढचे भांडे उचलले. “यांना म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, मी रागावणार नाही.”

“मग?” मी खांबेट्याला विचारले.

“मग काय,” तो भिंतीला टेकून खाली बसला. “अर्ज केला नाही. आता रविवारी झोपता येतं.” पण झोपलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. त्याने बॅगेतून एक लिफाफा काढून मला दिला. “तुमचा कागद. परत करायचा राहिला होता.”

मी तो घरी येऊन उघडला. माझेच पत्र होते. ‘बाहेरचे कोणीही नव्हते’ या ओळीखाली पट्टीने रेघ मारलेली. उजव्या कोपऱ्यात लाल फुली. तिच्याखाली तपासल्याची तारीख, आणि तारखेशेजारी जपानी अक्षरांतला तो छोटा गोल शिक्का, खांबेटे.

माझी बदली मुंबईला झाली, पुढे मी निवृत्त झालो, तेव्हा तिकडचे बहुतेक कागद फाडून टाकले. हा एक ठेवला आहे. त्याला चांगल्या कामावर आपले नाव हवे होते, आणि ते माझ्या खोट्या पत्रावर आले आहे.