हळद, उंदीर आणि माझा भाऊ

मी फार्मसी शिकवते आणि उरलेल्या वेळात उंदरांच्या वृषणांवर काम करते. उंदराला भूल द्यायची, वृषणाची नस पिळून रक्त थांबवायचं, थोड्या वेळानं पीळ सोडायचा. सोडण्याआधी हळदीतला अर्क टोचला तर आतली सूज आणि नासाडी किती वाचते, ते बघायचं. यातलं एक अक्षर आमच्या अमडापूरच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. माय पाहुण्यांना सांगते, "पोरगी हळदीवर औषध काढून राह्यली." पाहुणे खूश, माय खूश.

मागच्या हिवाळ्यात सुट्टीला घरी आले होते. कॉलेजात जाणारा धाकटा भाऊ सकाळी चहा तसाच ठेवून आडवा झाला. "पोटात दुखून राह्यलं," म्हणाला. मायनं ओवा-मीठ चारलं. उलट्या सुरू झाल्या तेव्हा गावातल्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनीही पोटच दाबून पाहिलं. नेमकं कुठं दुखतं विचारलं की हा बेंबीवरून हात फिरवायचा आणि भिंतीकडं तोंड करायचा.

दुसऱ्या दिवशी तो मोरीकडं निघाला, तर पाय फाकवून चालत होता. अवं माय! मी त्याला मोरीच्या दारातच अडवलं.

"खरं सांग बे, खाली दुखते ना?"

"हाव."

"कालपासून? मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तू बहीण व्हय माही. तुले कसं सांगू?"

जीप करून चिखलीचं हॉस्पिटल गाठलं. सोनोग्राफीत दिसलं, एका वृषणाला पीळ पडलेला, रक्ताचा थेंब जात नव्हता. बाबा विचारत होते, झालं काय. मला दुसरे शब्द सापडेनात. म्हटलं, "गोऱ्ह्याचा बैल कराले चिमटा लावते ना, तशी नस आवळली." बाबा तिथंच फरशीवर बसले. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

मायचं मात्र सुरूच. "तुह्यं ते हळदीचं औषध दे ना त्याले! एवढं कशाले शिकली मंग?"

"माय, ते उंदराचं हाये!" मी ओरडलेच. उंदराची नस मीच पिळते, मीच सोडते, म्हणून वेळ माझ्या हातात असतो. माणसाचं पाच-सहा तासांत पीळ सुटला तर बहुतेक वेळा वाचतं, इथं तर अख्खा दिवस उलटला होता. आणि माझी हळद, लागू पडलीच तर, जे अजून जिवंत आहे त्याला. मेलेल्याला हळद फासून काय होणार? हे मायला कसं सांगू? इतका राग आला होता की भिंतीवर डोकं आपटावं वाटलं, आणि करता तर काहीच येत नव्हतं.

सर्जननं उघडलं. काळं पडलेलं होतं. काढून टाकलं, आणि दुसऱ्याला पीळ पडू नये म्हणून टाके घातले. एकावरही लेकरंबाळं होतात, म्हणाले. खरंच होतात. तरी मी रडले.

संध्याकाळी वॉर्डात मावशीचा फोन आला. "अपेंडिक्स निघालं वं," माय सांगत होती, "आता बरा हाये." मावशीची दोन पोरं मिसरूड फुटायच्या वयाची आहेत. नेमका याच वयात हा पीळ जास्त पडतो.

"माय, तिले तरी खरं सांग. तिच्या घरी पोरं हायेत."

मायनं फोनवर हात दाबला. "चूप बस. लग्न व्हायचं हाये त्याचं."

मी फोन घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यात भावानं पलंगावरून मला हात जोडले. मी हात मागं घेतला.