ढुंढिराजगुरुजी, पितर आणि पुरी

दुर्गाघाटच्या ढुंढिराजगुरुजींइतकं श्राद्धाचं जेवण काशीच्या मराठी गल्ल्यांत कुणी मनापासून जेवत नसे. यजमानाचे पितर तृप्त झाले की नाही हे कुणाला दिसत नाही, गुरुजी झालेले मात्र दिसत. म्हणून पितरांच्या पानावर बसायचं पहिलं आमंत्रण त्यांना. वडे, खीर, पुरणपोळी एका लयीत आत जाई आणि शेवटी ‘तृप्तोऽस्मि’ असं काही घुमे की यजमानाला वाटावं, आजोबाच बोलले.

घात झाला तो नरहरपंतांच्या वडिलांच्या तिथीला. संकठा घाटाजवळ त्यांच्याकडे जेवून गुरुजी लगबगीनं पंचगंगा घाटावर उतरले, कारण खाली यात्रेकरू खोळंबले होते. संकल्प सांगून पायऱ्या चढताना अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला. नावाड्यांनी उचलून दवाखान्यात टाकलं म्हणून वाचले. काशीत मरण आलं की मोक्ष, हे गुरुजी जन्मभर लोकांना सांगत आले होते. त्या दिवशी मात्र त्यांना मोक्षाची मुळीच घाई नव्हती.

पुढे दुसऱ्या एका श्राद्धानंतर तसंच झालं, आणि गल्लीनं निकाल दिला, पितर कोपले. घरी रोज पोळ्या खाऊन गुरुजींना काही होत नसे, तेव्हा दोष पितरांचाच.

नरहरपंत घरी येऊन बसले. “गुरुजी, राग मानू नका. आमचे दादा हयातीतसुद्धा कुणाला सुखानं पचू देत नसत. यंदा पितृपक्षात वेणीमाधवाला सांगितलंय.”

वेणीमाधव म्हणजे दोन घासांत ढेकर देणारा काटकुळा. गुरुजींना कुणी शिवी दिली असती तरी चाललं असतं. एका घरानं पान काढलं की बाकीची घरं काढणार, मग उरलं काय?

“पितर राहू देत, आधी डॉक्टर,” शरदिनीकाकू म्हणाल्या आणि नवऱ्याला ओढून इस्पितळात घेऊन गेल्या.

तिथल्या डॉक्टर हिमानी रेल्वेतल्या एका मराठी बाबूंची मुलगी. मराठीत सुरू करून हिंदीत पोचायची. तिनं सगळं ऐकून घेतलं. “घरी जेवून काय करता?”

“झोपतात,” काकू म्हणाल्या.

“और श्राद्ध के बाद?”

“पळतात.”

“बघा, कधी कधी गहू एकटा काही करत नाही, धावपळही एकटी काही करत नाही. दोन्ही एकत्र आले की गडबड. म्हणून आधी गव्हाचं खायचं, मग या फिरत्या पट्ट्यावर चालायचं, पळायचं. आजार लपलेला असेल तर चिथावून बाहेर काढू. औषध आमच्या हातात तयार असेल. घर पे मत करना.”

“म्हणजे अंगात आणवायचं,” गुरुजी म्हणाले.

“नुसतं चिथावायचंच असेल तर डॉक्टर कशाला, मी आहे की,” काकू म्हणाल्या.

चाचणीच्या दिवशी काकूंना बाहेर बसवलं. नर्सनं पराठा आणून दिला आणि गुरुजींसमोर धर्मसंकट उभं राहिलं. कोण जाणे कुणी लाटलेला, कुठल्या तव्यावरचा. जन्मात त्यांनी सोवळ्याबाहेर घास घेतला नव्हता. नर्सची पाठ वळताच पराठा उपरण्यात गेला.

“पंडितजी, खाया न?” हिमानीनं विचारलं.

“हो हो.” अन्न ग्रहण केलं खरं, फक्त उपरण्यानं.

मग ते रिकाम्या पोटी पट्ट्यावर असे पळाले की नर्स बघत राहिली. अंगावर एक गांध नाही. हिमानी बुचकळ्यात पडली. बाहेर पडल्यावर गुरुजींनी पराठा गल्लीतल्या सांडाला घातला. सांडालाही काही झालं नाही.

“बघ,” घरी आल्यावर ते खोल आवाजात म्हणाले, “पितरच आहेत.”

संध्याकाळी काकू उपरणं धुवायला बसल्या. सुती कापडावर तुपाचा गोल डाग, आणि त्यात ओवा.

“अहो.”

गुरुजींनी जपाची माळ जोरात ओढायला सुरुवात केली.

“तुमच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तुम्ही सांडाचा इलाज करून आलात?”

“अगं, परान्न...”

“श्राद्धाचं काय माहेरचं असतं?” काकू म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला, म्हणून त्या उठून चुलीपाशी गेल्या.

हिमानीनं ऐकलं तेव्हा आधी ती हसली, मग रागावली. पुढच्या खेपेला काकूंनी सोवळ्यात पुऱ्या तळून डबा नेला. हिमानीनं त्या वजन करून दिल्या आणि या वेळी काकूंना समोर बसवलं. गुरुजी जेवले, कासोटा आवळून पट्ट्यावर चढले. थोड्या वेळानं कान लाल झाले. मग मान. मग पोटावर गांधींचा नकाशा उमटला आणि खालचा ओठ पुरीसारखा टम्म फुगला.

“थांबा,” हिमानी म्हणाली आणि मांडीत इंजेक्शन दिलं. धोतर असल्यामुळे वेळ गेला नाही.

घसा मोकळा होताच गुरुजींनी आधी एवढंच विचारलं, “उठलं ना?”

“उठलं,” म्हणत डोळे पुसून काकूंनी त्या सुजल्या चेहऱ्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: पितर निर्दोष. हेच पुरी खाऊन पळाले.

हिमानीनं बजावलं, बाहेर गहू टाळा, इंजेक्शन कायम जवळ ठेवा, आणि मोह झालाच तर जेवल्यावर संध्याकाळपर्यंत जागचं हलायचं नाही. गुरुजींनी यातलं शेवटचं तेवढं नीट ऐकलं.

पितृपक्षात नरहरपंतांनी पुन्हा त्यांचंच पान मांडलं. गुरुजी पुरणपोळी जेवले, इंजेक्शन उशाशी ठेवून ओसरीवर आडवे झाले आणि घोरू लागले. दिवेलागणीला काकू न्यायला आल्या.

“दुपारीच गेले असतील ना पितर? हे मात्र अजून इथंच.” त्यांनी ओशाळून विचारलं.

नरहरपंत घोरणाऱ्या गुरुजींकडे बघत होते. “काकू, दादा जेवून नेमके याच जागी पडायचे. असेच घोरायचे.” मग हळूच म्हणाले, “उठवू नका. आणि पुढच्या वर्षीही यांनाच पाठवा.”