खिडकीकडे तोंड करून

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. माझ्या बहिणीजवळ नाही, तुमच्या बाबाजवळ तर नाहीच. आप्पांजवळ, तुमच्या आजोबांजवळ, बोलायची वेळ आली होती — ती मी घालवली. ते शेवटी सांगेन. आधीच सांगून टाकलं तर पुढचं लिहायचा धीर राहणार नाही.

रिया, तू विचारशील, आजी, इंग्रजीत का नाही लिहिलंस? नीलला मराठी वाचता येत नाही आणि तुलाही बोट ठेवून वाचावं लागतं. खरं आहे. पण इंग्रजी लिहायला बसले की मी पुन्हा शाळेतली बाई होते. वाक्यं आपोआप सरळ होतात, मान ताठ होते. या गोष्टीला तशी मान नको. तू हळूहळू वाच, आणि वाटलं तर नीलला वाचून दाखव.

तुम्ही दोघं फोनवर नेहमी विचारता — आम्ही फिनिक्सलाच का राहतो? बाबा म्हणतो, ऊन आवडतं म्हणून. आई म्हणते, तेव्हा घरं स्वस्त होती म्हणून. दोघंही खोटं बोलत नाहीत. त्यांना जेवढं माहीत आहे तेवढं सांगतात.

कुठून सुरू करू? आप्पांच्या कानांपासून करते.

मी बेळगावची, कॉन्व्हेंटात शिकलेली. लग्न होऊन कबनूरला आले ती मागांच्या खडखडाटात. घराला लागून शेड, शेडमध्ये आमचे कापडाचे माग. सकाळी पहिला माग सुरू झाला की भांड्यांच्या फळीवरच्या वाट्यासुद्धा वाजायच्या. त्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवरून वाचतात. या टोकाचा कामगार त्या टोकाच्याला घरची हकीकत सांगतो — आवाज न काढता, नुसतं तोंड हलवून. आप्पा लहानपणापासून त्यात वाढलेले. पुढे त्यांना ऐकू येईनासं झालं तेव्हा त्यांचं फारसं अडलंच नाही. समोरच्याचं तोंड दिसलं की झालं. ते हसत सांगायचे, "कामगारानं पाठ फिरवली की समजायचं, मालकाचं नाव चाललंय."

मीही शिकले. आमची भांडणं मोठी गमतीची व्हायची. मी आवाज न काढता बोलायची आणि आप्पा मात्र मोठ्यानं उत्तर द्यायचे, त्यामुळे शेजाऱ्यांना निम्मं भांडण ऐकू यायचं. पुढे कोल्हापूरला गेल्यावर शेजारच्या निर्मलावहिनी म्हणायच्या, "काल आप्पा एकटेच भांडत होते वाटतं."

तुमचा बाबा अजित शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा हट्ट करून मी कोल्हापुरात घर करायला लावलं. इंग्रजी शाळा पाहिजे म्हणून. हे लोकांना सांगायचं कारण. मनातलं कारण असं, की माझ्या मुलानं शेडमध्ये पाऊल टाकायचं नव्हतं. आप्पा रोज एसटीनं कबनूरला जायचे आणि संध्याकाळी केसांत कापसाची पिंज घेऊन यायचे. मी दारातच त्यांना टॉवेल द्यायची. आत यायच्या आधी झटकून या, म्हणायची. वर्षानुवर्षं म्हणायची.

अजित शिकला, अमेरिकेला गेला, शिकागोला नोकरी लागली. स्मिता आली, रिया, तू झालीस. दर रविवारी सकाळी फोन यायचा. आप्पांना फोनवर ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणून आमची एक पद्धत ठरलेली. मी रिसीव्हर धरून त्यांच्या समोर खुर्ची टाकून बसायची. अजित काय म्हणतो ते ओठांनी त्यांना सांगायची, ते काय म्हणतात ते अजितला. आप्पांचा आवाज मोठा, तो फोनमधून तसाही पोचायचाच. बाप-लेकाच्या मधे मी होते. दोघांनाही माझ्यावरच भरवसा ठेवावा लागे. ठेवत होते.

मी चांगलं काम करत होते ते. खरंच करत होते — त्या एका रविवारपर्यंत.

दोन हजार एक साल सरत आलं होतं. फोनवर अजितचा आवाज मला वेगळा वाटला. म्हणाला, "आई, आमच्या अख्ख्या टीमला काढलं. थंडीनं आणि कटकटीनं जीव नकोसा झालाय. स्मिता म्हणते परत जाऊ. मलाही तेच वाटतंय. आप्पांना विचार की, मी येऊन शेड बघू का? नाहीतर फिनिक्सला एक मित्र आहे, तो म्हणतो इकडे काम आहे. वाळवंट आहे म्हणे, पण गाव झपाट्यानं वाढतंय. आप्पा ये म्हणाले तर येतो बघ."

आप्पा माझ्यासमोर बसले होते. हातात चहाचा कप, नजर माझ्या तोंडावर. ते वर्षभर माग विकायला तयार होत नव्हते. धंद्यात राम राहिला नाही, विकून टाका, असं सगळे सांगत होते, आणि ते मात्र दर आठवड्याला जाऊन बंद मागांना तेल घालून यायचे. कशासाठी, हे ते बोलत नसत. मला कळत नव्हतं का? कळत होतं.

मला नुसते ओठ हलवायचे होते. अजित येतो म्हणतोय — एवढंच.

मी खुर्ची वळवली. लाइन नीट येत नाही असं दाखवलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. विचारायला लागतो तेवढा वेळ गप्प राहिले. मग फोनमध्ये म्हणाले, "आप्पा म्हणतात, येऊ नको. शेडमध्ये आता काही उरलं नाही. जिथं काम आहे तिथं जा."

अजित म्हणाला, "असं म्हणाले?"

मी पुन्हा वळले आणि आप्पांना ओठांनी सांगितलं, "अजितला दुसरी नोकरी मिळतेय. फिनिक्सला. ऊन भरपूर आहे म्हणतो."

आप्पा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग मोठ्यानं म्हणाले, "बरं झालं. जा म्हणावं. तब्येतीला जप म्हणावं."

ते अजितनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणखी काय पुरावा हवा होता त्याला? "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

का केलं मी असं? तुम्ही समंजस मुलं आहात, तुम्ही म्हणाल, आजीनं आमच्या भल्यासाठी केलं. मीही स्वतःला तसंच सांगत आले. तसं नाही. त्याच्या आधी थोडेच दिवस निर्मलावहिनींचा मुलगा नोकरी सुटून बेंगलोरहून घरी आला होता. मी फाटकातून हसत विचारलं होतं, "काय हो, रजेवर आलाय की कायमचा?" माझा सूर मला ठाऊक होता. त्यांचा पडलेला चेहराही मी पाहिला होता. आता तोच प्रश्न त्याच सुरात माझ्या फाटकाशी येणार होता, शाळेच्या स्टाफरूममध्ये येणार होता. आणि माझा अमेरिकेतला मुलगा संध्याकाळी केसांत पिंज घेऊन दारात उभा राहणार होता. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

पुढच्याच महिन्यात आप्पांनी माग विकले. मी न सांगता. भंगाराच्या भावानं गेले. मी म्हणाले, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. त्यांनी शेड सिमेंटची पोती ठेवायला भाड्यानं दिली.

तुम्ही विचाराल, बाबानं पत्र का नाही लिहिलं? सुट्टीवर आला तेव्हा समोरासमोर का नाही विचारलं? अरे, बाप एकदा नको म्हणाला, तर मुलगा पुन्हा कसा विचारेल? आणि मुलगा आपणहून लांब गेला, तर बाप ये कसं म्हणेल? तो आला होता. दोघं मिळून कबनूरला शेड बघायला गेले, मीही होते. अजित पोत्यांकडे बघून म्हणाला, "विकलं ते बरं केलंत." आप्पांनी त्याचे ओठ वाचले आणि म्हणाले, "व्हय." मी मधेच उभी होते. दोघांच्या मधे हाताच्या अंतरावर.

मग नीलच्या वेळी मी फिनिक्सला आले. आप्पांना चक्कर यायची, विमानात बसायला डॉक्टरांची परवानगी नव्हती. तुमचं गाव मी तेव्हा पाहिलं. आकाश केवढं मोठं, एक ढग नाही. घरं सगळी ज्वारीच्या पिठाच्या रंगाची, अंगणात गवताऐवजी खडी, आणि कोपऱ्यात हात वर करून उभे असलेले ते उंच निवडुंग. काल वाळू होती तिथं आज रस्ता. पलीकडे नव्या घरांचे लाकडी सांगाडे ओळीनं उभे, आणि त्यांच्यात राहायला येणारी माणसं अजून कुठल्या कुठल्या गावांत. इतकं ऊन, आणि गल्लीत माणूस नाही. दुपारी मी दारात उभी राहायची. कुणी जाता-येता "काय, झालं का जेवण?" म्हणणारं नाही. तुमची आई बाळंतीण, माहेरचं कुणी जवळ नाही. ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची. मला ऐकू यायचं. मला तर चांगलं ऐकू येतं.

तुमच्या टीव्हीशेजारी तो लाकडी होडीसारखा तुकडा आहे ना, दोन्ही टोकांना लोखंड लावलेला — रिया, तू त्यात बाहुली निजवायचीस — तो मागाचा धोटा आहे. कापडातून इकडून तिकडे धावतो तो. अजित सुट्टीवर आला तेव्हा त्यानं तो शेडमधून उचलून नेला होता. मला माहीत नव्हतं.

एकदा तो मला गाडीतून नव्या वस्त्या दाखवत होता. सिग्नलला थांबलो. समोरून ऊन थेट तोंडावर येत होतं. तो म्हणाला, "कबनूरसारखंच ऊन आहे ना, आई?" मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "आप्पांनी एकदा नुसतं ये म्हटलं असतं ना —"

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला. गाडीत आम्ही दोघंच होतो. तेव्हा सांगायला काय झालं होतं मला? घरी पोचेपर्यंत मी वस्त्यांची नावं वाचत राहिले. इंग्रजीत, मोठ्यानं. तुझे उच्चार किती छान गं आई, असं तो म्हणाला.

आता शेवटचं.

दोन हजार सहाचा हिवाळा. आप्पांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं. अजितनं तिकीट काढलं होतं, दोन दिवसांत पोचणार होता. दुपारची वेळ होती. पलंगावर ऊन आलं होतं, मी त्यांच्या पायांवर शाल घालत होते. ते म्हणाले, "हितं बस. समोर."

मी बसले. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता.

"एक इचारतो. त्या दिशी फोनवर पाठ का केलीस ग?"

मी काहीतरी लपवलं, हे इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. त्या रविवारपासून — "बरं झालं" म्हणाले त्या क्षणापासून. आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. राग त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"पोरगं येतो म्हणालं हुतं का?"

एवढंच त्यांना पाहिजे होतं. मी का केलं, ते नको होतं. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. "हो" म्हणायला काय लागतं? ओठ गोल करायचे. शेडमधलं कालचं पोरही ते वाचेल. पण अजित दोन दिवसांत येणार होता. हे दोघं एकमेकांना सांगतील, आणि दोघंही माझ्याकडे बघतील — माझ्या मनात आलं ते हे. नवरा समोर मरत होता, आणि माझ्या मनात ते आलं.

मी आवाज काढला नाही. ओठांनीच म्हणाले, नाही.

ते बघत राहिले. जन्मभर माणसांची तोंडं वाचलेला माणूस. मग "बरं" म्हणाले, आणि सावकाश कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

पहाटे गेले. अजित पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. चप्पल न काढताच त्यानं विचारलं, "शेवटी काही म्हणाले का?"

मी म्हणाले, काही नाही.

ते खरं की खोटं, मला सांगता येणार नाही. कूस बदलल्यावर त्यांचा खांदा थोडा हलला होता, बोलताना हलतो तसा. काही म्हणाले असतील. मला दिसलं नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती.