साडूंच्या मोटारसायकलची जाळी

माझ्या थोरल्या साडूंइतका हिंडलेला आणि तरीही कुठे म्हणून वेळेवर न पोचलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. भिवंडीहून ठाण्याला नाटकाला निघाले, की तिसरी घंटा, मध्यंतर आणि शेवटचा पडदा हे सगळं कशेळीच्या खाडीवर उभ्याउभ्या उरकायचं. खारबावला बारशाला गेले ते मूल रांगायला लागल्यावर पोचले, असं माझी बायको सांगते. ती जरा तिखटमीठ लावते, पण त्या बारशाला जाताना मागच्या सीटवर मी होतो आणि आम्ही पोचलो तेव्हा घुगऱ्यांचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

दोष साडूंचा नव्हे, त्यांच्या मोटारसायकलचा. लढाईच्या काळातली विलायती गाडी, त्यांच्या वडिलांनी कुणा डॉक्टरांकडून घेतलेली. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. गाडी मात्र अजून रोज बंद पडायची. टाकी आतून गंजलेली. त्या टाकीतून पेट्रोल खाली उतरतं तिथे एक पितळी जाळी असते, अंगठ्याला टोपडं घालावं एवढीशी. हाच तिचा फिल्टर. गंज तिथे अडायचा, जाळी तुंबायची आणि गाडी आचके देत उभी राहायची. मग साडू शांतपणे उतरायचे. रस्त्याच्या कडेला रुमाल अंथरायचे, त्यावर पाने-पकडी मांडायचे, जाळी काढून तोंडाने फुंकायचे आणि पेट्रोलाची चव घेतल्यासारखं करून म्हणायचे, "आता येईल बघा वळणावर!" सुपारी खावी तितक्या सहज हा माणूस पेट्रोल चाखायचा. मी चिडलो की म्हणायचे, "साडूभाऊ, घाई कसली आहे? सावली बघा किती छान पडलीय." आणि खरं सांगतो, सावली छानच असायची. त्याचाच जास्त राग यायचा.

ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्या गाडीवर बसणं सोडलं आणि एसटीचा पास काढला. त्यांची एकुलती एक मुलगी मात्र बसत राहिली. तिचं अर्धं बालपण भिवंडीच्या आसपासच्या रस्त्यांवरल्या मोऱ्यांच्या, छोट्या पुलांच्या कठड्यांवर गेलं. पाढे ती तिथेच पाठ करायची, पेरू तिथेच खायची, आणि शाळेत बाई काय बोलल्या, मैत्रिणीशी कट्टी का झाली, हे सगळं बापाला तिथेच सांगायची. घरात साडू फारसे बोलत नसत. कचेरीतून आले की पेपर आणि पेपर संपला की झोप. पण गाडी बंद पडली की दोघांची तोंडं जी सुरू व्हायची! एकदा अशीच कठड्यावर बसून पाय हलवत ती म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाला मला याच गाडीवरून न्यायचं हं." साडू म्हणाले, "नेईन." कुठलाही शहाणा बाप ही गोष्ट हसून विसरून गेला असता. हे विसरले नाहीत.

मुलीचं लग्न अंबाडीत जमायला आणि ती जाळी कायमची फाटायला एकच गाठ पडली. नव्वद सालानंतरची गोष्ट. फाटलेल्या जाळीतून गंज थेट इंजिनात जायला लागला आणि गाडी पडवीत उभी राहिली. ताईला हायसं वाटलं. साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. लग्न मेमध्ये, मुलाकडच्या मांडवात, आणि शब्द तर देऊन बसलेले.

मग सुरू झाला शोध. फाटकी जाळी तपकिरीच्या डबीत ठेवून हा माणूस खिशात घेऊन फिरायचा. मुंबईच्या जुन्या बाजारात आम्ही इतक्यांदा गेलो, की लांबून आम्हांला बघूनच दुकानदार दोन्ही हात हलवायला लागले. एका म्हाताऱ्याने जाळी उन्हात धरून विचारलं, "ये गाडी अभी चलती है?" साडू अभिमानाने म्हणाले, "चलती नहीं, पण है." कुणाच्या मयताला गेले, तर तिथे बसलेल्या एका गॅरेजवाल्यासमोर डबी उघडून बसले. मी पाठीत चिमटा काढला तेव्हा कुठे डबी खिशात गेली.

शेवटी त्यांचे जुने स्नेही, एक यंत्रमागवाले हाजीसाहेब, वैतागले. "अरे भाऊसाहेब, जाळी पाहिजे म्हणून मुंबई कशाला घालताय पालथी? भिवंडीत बसलाय आणि कपड्याला रडताय? ये लो!" असं म्हणून त्यांनी मागावरचं ताजं, घट्ट विणीचं कापड फाडून दिलं. साडूंनी त्याची टोपी शिवून त्या जागी बसवली. गाडी झकास सुरू झाली! कारखान्यापुढे दोघांनी एकमेकांना मिठी मारली. गाडी नाक्यापर्यंत गेली आणि मेली. उघडून बघतो तो आत पांढरा भुगा. मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावतात, हे भिवंडीतलं शेंबडं पोरही जाणतं. तीच खळ पेट्रोलात सुटून इंजिनात जाऊन बसली होती. जन्म यंत्रमागात गेलेला मालक आणि जन्म भिवंडीत गेलेला कारकून, दोघांपैकी एकालाही कोरं कापड आधी धुऊन घ्यायचं सुचलं नाही. हाजीसाहेबांनी कपाळावर हात मारला. "खळ! या अल्ला, खळ!" धुतलेल्या कापडाने पुन्हा करून पाहिलं, पण ते लोंबून पेट्रोलच अडवायला लागलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. आपण मोटार ठरवू." साडू "बरं" म्हणाले आणि उठून पडवीत गाडीशेजारी जाऊन बसले. त्या दिवशी मला त्यांची थट्टा करवली नाही.

पुढच्याच रविवारी आम्ही देण्याघेण्याचं बोलायला अंबाडीला गेलो. व्याही साड्यांचं बोलत होते, ताई मानपानाचं, आणि साडूंची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे. विहीणबाई चहा गाळत होत्या. अचानक साडू उठले आणि सरळ आत गेले. ताईचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. "विहीणबाई," साडूंचा आवाज आला, "ही गाळणी पितळेची आहे का हो?" मला वाटलं, झालं, मोडलं लग्न! साडूंनी तिथेच डबी उघडून जाळी दाखवली आणि लेकीला दिलेल्या शब्दाची सगळी कहाणी सांगितली. विहीणबाईंनी गाळणीतली चहापत्ती झटकली, गाळणी विसळली आणि पदराने पुसून त्यांच्या हातात ठेवली. "न्या, न्या. गाळनी काय, दुसरी येल. पोर तेवढी येळेवर आना म्हंजे झालं."

हाजीसाहेबांनी धागे मोजायच्या भिंगाखाली गाळणीची जाळी तपासून पास केली. ओळखीच्या सोनाराने ती कापून, गोल वळवून, जुन्या जाळीच्या कड्याला डाग देऊन जोडली. गाडी अशी सुरू झाली, की गल्लीतली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली.

लग्नाच्या दिवशी नवरी पिवळ्या शालूत, मुंडावळ्या बांधून, बापाच्या पाठीमागे बसली. आम्ही सगळे जीपमधून मागे. वाडा रस्त्याला लागल्यावर गाडी कुठे म्हणून अडेना. मी ताईला म्हणालोसुद्धा, "बघ, हा माणूस आज पहिल्यांदा वेळेवर पोचतोय!" आणि अंबाडी जेमतेम दोन मैलांवर आली असेल नसेल, तोच गाडीने आचके दिले आणि एका मोरीजवळ ती उभी राहिली.

मुहूर्ताला तास होता, पण माझं डोकं फिरलं. जीप थांबवून मी तरातरा गेलो. साडूंनी रुमाल अंथरला होता, पाने मांडले होते, आणि एकालाही हात लावला नव्हता. नवरी शालू सावरून कठड्यावर बसली होती. मी वाकून टाकीखाली बघितलं. तिथे पेट्रोलाची एक चावी असते; उभी असली की पेट्रोल सुरू, आडवी केली की बंद, आणि मग उरल्यासुरल्या थेंबांवर गाडी थोडी पळते आणि थांबते. चावी आडवी होती. आपोआप ती कधी आडवी होत नाही. चालत्या गाडीवर हात खाली घालून ती कुणीतरी फिरवावी लागते.

मी साडूंकडे बघितलं. त्यांनी मान वळवून शेताकडे बघायला सुरुवात केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो." तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसतही होती. तिलाही कळलेलं होतं.

माझा राग कुठल्या कुठे गेला. जीपमध्ये येऊन मी म्हणालो, "कचरा अडकलाय." ताईने काचेतून त्या दोघांकडे बघितलं. "नव्या जाळीत?" तिने विचारलं. मी जीपचं दार ओढून घेतलं. मग तिनेच डोळ्यांना पदर लावला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला तुम्ही. घाई नाही, सावकाश चला."